कंपवातातील नैराश्य आणि व्यायामाचे स्थान

कंपवाताचा, म्हणजेच पार्किन्सन्स आजाराचा, रुग्ण तपासणीस येतो तेव्हा सोबतचे नातेवाईक प्रथम हाताच्या थरथरीबद्दल बोलतात. चाल मंदावली, अक्षर बारीक झाले, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, हेही सांगितले जाते. मात्र गेल्या काही महिन्यांत त्यांनी वर्तमानपत्र उघडलेले नाही, भजनी मंडळात जाणे सोडले आहे, नातवंडे आली तरी ते खोलीबाहेर येत नाहीत, ही माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही. विचारले तर उत्तर येते, ‘‘असा आजार म्हटल्यावर मन उदास व्हायचेच.’’ या उत्तरामागची माया आम्ही जाणतो. परंतु याच समजुतीमुळे उपचार होऊ शकणारी एक व्याधी वर्षानुवर्षे उपचाराविना राहते, म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णाची बुद्धी व ज्ञानेंद्रिये अबाधित राहतात, असे त्यांनी त्यात नमूद केले होते. पुढे दीर्घकाळ हा केवळ हालचालींचा आजार मानला गेला आणि मनाकडे दुर्लक्ष झाले. आज आपल्याला ठाऊक आहे की सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये दखल घेण्याजोगी नैराश्याची लक्षणे आढळतात. काहींच्या बाबतीत तर ती कंप सुरू होण्यापूर्वीच दिसू लागतात. ज्याला आपल्या आजाराचे नावही कळलेले नाही, तो त्या आजाराच्या दुःखाने खचला असे कसे म्हणावे? या आजारात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात हे सर्वश्रुत आहे. पण मनःस्थितीशी संबंध असलेली सेरोटोनिन व नॉरॲड्रेनलिन ही द्रव्ये निर्माण करणाऱ्या पेशींनाही त्याची झळ पोहोचते. आजाराचे दुःख असतेच, त्यात मेंदूतील या बदलांची भर पडते.

नैराश्य ओळखणे मात्र सोपे नाही. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, आवाज खाली जातो, झोप बिघडते, सर्व क्रिया संथ होतात. त्यामुळे मनाने प्रसन्न असलेला रुग्णही खिन्न भासतो आणि खरोखर खचलेल्याची खिन्नता ‘आजारच तसा आहे’ म्हणून नजरेआड होते. चेहऱ्यापेक्षा बोलण्याकडे व आवडीनिवडीकडे लक्ष द्यावे. पूर्वी ज्यात रस होता त्यात तो उरला आहे का? ‘मी तुमच्यावर ओझे झालो’ असे वारंवार म्हणतात का? आमच्याकडे ज्येष्ठांसाठीची पंधरा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली वापरली जाते; तिची उत्तरे केवळ हो किंवा नाही अशी द्यायची असतात. अनास्था हा आणखी एक वेगळा प्रकार आहे. त्यात रुग्णाला दुःख जाणवत नाही, फक्त काही करावेसेच वाटत नाही. घरच्यांना हा आळस वाटतो. तो आळस नव्हे, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगत असतो.

आता व्यायामाविषयी. व्यायामाने चालणे, तोल व एकंदर जीवनमान सुधारते, याला दीडशेहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्याचा आधार मिळाला असून हा आढावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आम्हास महत्त्वाची वाटणारी बाब अशी की अमुकच व्यायाम श्रेष्ठ असे फारसे निष्पन्न झाले नाही. मनःस्थितीपुरते पाहता हाँगकाँगमध्ये झालेला व 2019 मध्ये प्रकाशित झालेला अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. सौम्य ते मध्यम आजार असलेल्या 138 रुग्णांपैकी एका गटाने आठ आठवडे सजगतेवर आधारित योगासने केली, दुसऱ्याने ताण देण्याचे व स्नायूबळ वाढवण्याचे व्यायाम केले. हालचालींतील सुधारणा दोन्ही गटांत तुल्यबळ होती; चिंता व नैराश्य मात्र योगाच्या गटात अधिक कमी झाले. योग हा आपलाच वारसा म्हणून आम्ही येथे भारावून जाणार नाही. श्वास, लक्ष आणि सोबत या तीन गोष्टी त्या वर्गात एकत्र आल्या होत्या, हे आम्हास अधिक मोलाचे वाटते.

खरी अडचण पुढेच आहे. व्यायामाने नैराश्य हलके होते. पण नैराश्य प्रथम हिरावून घेते ती नेमकी व्यायामास उठण्याची शक्ती. घरची मंडळी प्रेमाने म्हणतात, ‘‘बाबा, जरा फिरून या, बरे वाटेल.’’ बाबा मान डोलावतात आणि बसून राहतात. दोन दिवसांनी त्या सांगण्यात चीड मिसळते, बाबा अधिकच गप्प होतात. उपदेशाने येथे काम होत नाही, हा आमचा ठाम अनुभव आहे. त्यांच्या आत जी सुरुवात होऊ शकत नाही ती बाहेरून करून द्यावी लागते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, दाराशी येणारी रिक्षा आणि ‘चला’ म्हणून बरोबर निघणारी व्यक्ती यांची गरज असते. ‘फिरून या’ आणि ‘चला, आपण फिरून येऊ’ या दोहोंत फार अंतर आहे.

म्हणूनच आमच्या फिजिओथेरपी विभागात समूहवर्गावर भर असतो. रुग्ण आकडे मोठ्याने मोजतात; त्यामुळे हालचालीस लय मिळते आणि खोल गेलेला आवाजही वर येतो. चालताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होणाऱ्यांसाठी फरशीवर रंगीत पट्ट्या आखल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटली की अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते. टाळ्यांचा ठेकाही तेच काम करतो. वर्गानंतरच्या चहाला आम्ही उपचाराचाच भाग मानतो. आपल्यासारखाच थरथरता कप धरलेला दुसरा हात दिसला की चारचौघांत जाण्याचा संकोच बराच कमी होतो.

घरी व्यायाम करताना गोळीचा अंमल असेल ती वेळ निवडावी. लेव्होडोपा घेतल्यानंतर बहुतेकांना साधारण तासाभराने हालचाल सुलभ होते. उठताना चक्कर येत असल्यास, वारंवार तोल जात असल्यास अथवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. व्यायाम हा औषधांना पर्याय नाही. नैराश्य तीव्र असेल तर नैराश्यावरील औषधे व समुपदेशन लागते, आणि या दोहोंचा उपयोग कंपवाताच्या रुग्णांतही होतो हे चाचण्यांतून दिसले आहे. ‘जगून काय करायचे’ असे शब्द ऐकू आले तर पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांकही चोवीस तास उपलब्ध आहे.

आमच्या दात्यांपाशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलावीशी वाटते. यंत्र घेतले की त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. या वर्गाला मोठे यंत्र लागत नाही. लागतात ते भिंतीलगतचे कठडे, हात असलेल्या भक्कम खुर्च्या, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचा वेळ, रुग्ण पडू नये म्हणून मागे उभे राहणारे मदतनीस आणि गरजूंसाठी रिक्षाचे भाडे. पाटी लावण्याजोगे यात काहीच नाही, परंतु रुग्ण वर्ग सोडतो तो बहुधा यांतील एखाद्या गोष्टीवाचूनच.

प्रथम येताना सर्व औषधांची त्यांच्या वेळांसह यादी आणावी. घट्ट बसणारे, न घसरणारे बूट असावेत. सैल चपला नकोत. आणि रुग्णासोबत जी व्यक्ती रोज घरी असते, तिनेच शक्यतो बरोबर यावे.