सुईची भीती, सहाणेचा भरवसा

बाळंतपणानंतर औषधांची जी धास्ती घरोघरी दिसते, ती मला भलत्याच जागी बसलेली वाटते. जन्मताच बाळाच्या मांडीत टोचलेल्या सुईबद्दल दहा शंका निघतात, सहाणेवर उगाळलेल्या गुटीबद्दल एकही नाही. ती सुई बहुधा जीवनसत्त्व ‘के’ची असते: एक मिलिग्रॅम, आणि किलोभराहून हलक्या बाळाला त्याच्या निम्मी. रक्त गोठायला हे जीवनसत्त्व लागतं. पण वारेतून ते बाळापर्यंत फारसं पोचत नाही आणि आईच्या दुधातही अगदी थोडं असतं. म्हणून निव्वळ अंगावर पिणाऱ्या धडधाकट बाळालाही, दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतच्या काळात विशेषतः, अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ‘निसर्गाने दिलं नाही ते आपण का द्यावं?’ या प्रश्नाचं उत्तर त्या रक्तस्रावातच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. 1992 साली ब्रिस्टलच्या एका अभ्यासाने या इंजेक्शनचा संबंध बालपणीच्या कर्करोगाशी जोडला. त्यानंतरच्या, कितीतरी मोठ्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. शंका घेतली गेली आणि तपासलीही गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

गुटीची अशी तपासणी कोण करतं? जायफळाचे किती वेढे, वेखंडाचे किती, हे सांगणारी आजी असते. पण प्रत्येक वेढ्यात किती उतरलं हे हाताच्या जोरावर, सहाणेच्या खरखरीवर ठरतं. जायफळाने बाळ गाढ झोपतं, हा तर गुण म्हणूनच सांगतात! तीन किलोच्या जिवाला झापड आणणारा पदार्थ मोजमापाशिवाय द्यावा, हे मला पटत नाही. त्यात मध घातला तर धोका निराळाच: मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवूही नये. ‘आमच्या पिढ्या गुटीवरच वाढल्या’ हे खरं आहे, पण त्याच पिढ्यांतली जी मुलं दगावली, ती साक्ष द्यायला येत नाहीत. परंपरेचा मान म्हणून बाळाला तेल लावा, शेक द्या, बाळंतिणीला अळिवाचे लाडू करा. सहा महिने बाळाच्या तोंडात मात्र दूध आणि डॉक्टरांनी लिहिलेलं औषध, एवढंच जावं.

आईच्या गोळ्यांचंही तसंच. ‘दुधातून बाळाला बाधेल’ म्हणून वेदनाशामक टाळून ती कण्हत राहते, लोहाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडते. सरकारी कार्यक्रमात या गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस आहेत, कारण रक्त भरून यायला तेवढा काळ लागतो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दुधात अत्यल्प उतरतात. भीती सरसकट खोटी नाही, हेही मान्य: कोडीनचं काहींच्या शरीरात झपाट्याने मॉर्फिन होतं, आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी स्तनपान करणाऱ्या आईला कोडीन आणि ट्रॅमाडॉल नको, असं बजावलं. तेव्हा प्रश्न ‘औषध की नको’ असा नसून ‘कोणतं आणि किती’ असा हवा. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावरच्या प्रत्येक औषधाबद्दल तो विचारा. ‘डी’च्या थेंबांबाबत तर आवर्जून: बाळाला रोज 400 एकक पुरतात, पण एका बाटलीत ते एका मिलिलिटरमध्ये असतात, तर दुसरीत अर्ध्यातच. दुकानदाराने बाटली बदलून दिली, तर ड्रॉपरची खूणही बदलते.