यंत्र मंद होते म्हणून खेळ रंगला

आसनगावहून लोकलने कल्याण-ठाण्याकडे जाणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, "तुमच्या लहानपणी व्हिडिओ गेमचे पार्लर पाहिले होते का?" विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत व उपनगरांत अशी दुकाने होती. कपाटाएवढ्या यंत्रात नाणे टाकायचे, दांडा फिरवायचा, बटणे दाबायची आणि मागे उभ्या असलेल्या मुलांचे सल्ले ऐकायचे! मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये 'क्रॉसरोड्स' मॉल सुरू झाला. पुढे ठिकठिकाणी मॉल झाले, त्यांतही खेळांची दालने आली. नंतर हातोहाती मोबाइल आले आणि जुनी यंत्रे बहुतेक ठिकाणांहून नाहीशी झाली.

"मग काय बिघडले? तोच खेळ मोबाइलवर मिळतो की!" असे तुम्ही म्हणाल. पण तो खरोखर तोच खेळ असतो का? एका जुन्या यंत्राच्या पोटात डोकावून पाहू.

'स्पेस इनव्हेडर्स' हा खेळ जपानमधील तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये तयार केला. पडद्यावर परग्रहवासीयांची फौज वरून खाली उतरते. ५ रांगा, प्रत्येकीत ११, म्हणजे एकूण ५५ शत्रू. आपण खालून तोफ डागायची. गंमत अशी की, शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगाने धावतात.

असे का व्हावे? यंत्रातला मायक्रोप्रोसेसर आजच्या मानाने फारच मंद होता. ५५ चित्रे एकदम सरकवणे त्याला झेपत नसे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रेखाटले जाई आणि दर वेळी एकच शत्रू सरके. म्हणून ५५ शत्रूंच्या फौजेला एक पाऊल टाकायला ५५ ÷ ६०, म्हणजे सुमारे ०.९ सेकंद लागे. ३० उरले की अर्धा सेकंद, ६ उरले की एक दशांश सेकंद! निशिकादो यांनी हे आधी योजले नव्हते. पण खेळ त्यामुळे रंगतो हे पाहून त्यांनी ते तसेच ठेवले.

हा प्रयोग शाळेच्या मैदानावर करून पाहा. २२ मुले रांगेत उभी करा. एकाने दर सेकंदाला टाळी वाजवावी आणि प्रत्येक टाळीला एकाच मुलाने, क्रमाने, एक पाऊल पुढे टाकावे. सगळी रांग एक पाऊल सरकायला २२ सेकंद लागतील. आता ११ मुले बाजूला काढा, ११ सेकंद पुरतील. टाळीचा वेग तोच आहे, पण रांगेचा वेग दुप्पट झाला.

आता मोबाइलकडे वळू. त्याचा प्रोसेसर ५५ चित्रे एकदम सहज सरकवील, पण तसे केले तर वेग वाढणारच नाही. काही मोबाइलचा पडदा सेकंदाला १२० वेळा रेखाटला जातो. जुनी रीत तेथे जशीच्या तशी चालवली, तर फौज सुरुवातीपासूनच दुप्पट वेगाने धावेल. म्हणजे जुना खेळ जपायचा तर यंत्राचा मंदपणाही जपावा लागतो. इटलीच्या निकोला सालमोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला 'मेम' हा प्रकल्प नेमके हेच करतो. तो जुन्या यंत्रांच्या वागण्याची संगणकावर नक्कल करतो.

हे काम घाईचे आहे. अनेक यंत्रांतील आज्ञावली ज्या चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते, त्यातला भार वर्षानुवर्षे झिरपत जातो. जुन्या चित्रनलिका आता जवळजवळ कोणी बनवत नाही. आणि मागे उभ्या मुलांचा गलका कोणत्याच चिपमध्ये साठवलेला नाही. तो फक्त मोठ्यांच्या आठवणीत आहे. म्हणून त्यांना विचारा आणि लिहून ठेवा : पार्लर कोठे होते? एका खेळाला किती पैसे पडत? आज त्या जागी काय आहे?

जाता जाता एक गणित : १५ शत्रू उरले, तर फौजेला एक पाऊल टाकायला किती वेळ लागेल?