डावी वाट घरची, उजवी वाट घटकेची

पोरी, लायसन्स झालं, गाडी दारात आली, आणि आता पुणे-कोल्हापूर एकटीनं करणार म्हणतेस. कर, जरूर कर. गिअर, क्लच, मागे घेणं यातलं मी काही सांगत नाही, ते तुला छान येतं. पण ड्रायव्हिंग स्कूलची गाडी गल्लीबोळातच फिरते, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर दुसऱ्याच्या पुढे कसं जायचं हे तिथे कुणी शिकवत नाही. ओव्हरटेकची कामं तीन: बघणं, पुढे जाणं, परत आपल्या लेनमध्ये येणं. पहिली दोन सगळे हौसेनं करतात. तिसऱ्याचा कंटाळा करतात, आणि हायवेवरचा बराचसा वैताग तिथून सुरू होतो. तू लहानपणी पसारा काढून तसाच टाकायचीस, म्हणून हे तिसरं काम मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे. रागावू नकोस.

१. रस्ता दोन लेनचा असो की तीन, पुढे कुणी नसेल तर डावीकडची लेन धर — डावी वाट घरची, उजवी वाट घटकेची.

२. "मी शंभरनं चाललेय, मग उजवीकडे राहिले तर काय बिघडलं?" असं मनात आलं तर आरशात बघ — मागचा एकशे दहानं येत असेल. त्याला दंड करायचं काम पोलिसांचं आहे, रस्ता अडवून धरायचं काम तुझं नाही.

३. मुंबईला जाशील तेव्हा द्रुतगती मार्गावर तीन लेन मिळतील: डावी अवजड गाड्यांची, मधली मोटारींची, उजवी फक्त पुढे जायची. पहिल्या नियमाला तिथे एवढा अपवाद: मधल्या लेनमध्ये निवांत राहायचं — दोन्हीकडे सरकायला जागा असते, आणि तिथले कॅमेरे लेन मोडणाऱ्यालाही टिपतात.

४. पुढे जायच्या आधी क्रम ठरलेला ठेव: आतला आरसा, उजवा आरसा, इंडिकेटर, मग उजव्या खांद्यावरून एक नजर, आणि त्यानंतरच स्टिअरिंग — आरशांत न दिसणारा एक कोपरा राहतोच, आणि मोटारसायकलवाला नेमका त्याच कोपऱ्यात असतो.

५. इंडिकेटर दिला म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नकोस, निदान तीन टिकटिक होऊ दे — मागच्याला वाचायला वेळ लागतो. आधी सांग, मग सरक.

६. ट्रकच्या शेपटीला चिकटून डोकावू नकोस, मागेच राहा — जितकी मागे, तितका पुढचा रस्ता जास्त दिसतो. चिकटलीस तर समोर फक्त त्याचं 'हॉर्न ओके प्लीज' दिसेल.

७. मागे म्हणजे किती मागे, हे मीटरमध्ये मोजायला जाऊ नकोस. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हण, आणि त्यानंतर तू त्या खांबापाशी पोचायला हवीस — ९० च्या वेगानं गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद सहज निघून जातो. पावसात हेच मोजणं पाच-सहापर्यंत ने.

आता थोडं गणित. तू नाक मुरडशील, पण हे एकदा समजलं की घाई आपोआप कमी होते. समज, कंटेनर ताशी ८० नं चाललाय आणि तू ९० नं. फरक १० चा, म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर. कंटेनर सोळा मीटर लांब, गणितापुरते त्याच्या मागे २५ मीटरच धर, पुढे २५ मीटर सोडून परत यायचं, त्यात तुझ्या गाडीची लांबी धर. झाले सत्तर मीटर. त्याला लागतात २५ सेकंद, आणि तेवढ्यात तू सहाशे मीटरहून जास्त रस्ता खाल्लेला असतेस, तोही त्या धुडाच्या शेजारून. फरक २० चा असेल तर हेच काम निम्म्या वेळात होतं. म्हणून:

८. वेगात पुरेसा फरक असेल तरच बाहेर निघ, आणि हा फरक मर्यादेच्या आत मिळत नसेल तर मागेच राहा — पुणे-सातारा धर ११० किलोमीटर. सरासरी ८० ऐवजी ९० पडली तरी वाचतात नऊ मिनिटं. तेवढा वेळ तू चहा गार करण्यात घालवतेस.

९. पुढे जायचं ठरलं की ट्रकच्या शेजारी रेंगाळू नकोस — तुझ्या खिडकीशेजारी त्याची चाकं असतात, आणि उन्हाळ्यात रिमोल्ड केलेले टायर फुटतात. रस्त्यात पडलेल्या काळ्या रबराच्या पट्ट्या दिसतील, त्या तिथल्याच.

१०. उंच कंटेनर ओलांडताना दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत — शेजारी असताना तो वारा अडवतो आणि त्याच्या पुढे निघताच वारा एकदम गाडीवर आदळतो. कराडच्या पुढे मोकळ्या माळावर हे चांगलं जाणवतं.

११. पावसात ट्रकच्या बरोबरीला येण्याआधीच वायपर जोरात कर — त्याच्या चाकांचा फवारा काचेवर आला की दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, आणि तेव्हा बटण शोधत बसायला सवड नसते.

१२. ओलांडलेली गाडी आतल्या आरशात दोन्ही दिव्यांसकट पूर्ण दिसली की डावा इंडिकेटर दे आणि परत ये — डाव्या आरशावर एकट्यावर भिस्त ठेवू नकोस, त्याची काच फुगीर असते आणि जवळची गाडी लांब दाखवते.

१३. परत आल्यावर लगेच ब्रेक दाबू नकोस, वेग आहे तसाच राहू दे — भरलेला ट्रक तुझ्यासारखा पटकन थांबत नाही. त्याच्यापुढची जागा ही त्याची थांबायची जागा आहे. पुढे गेलीस ना, मग पुढेच जा.

१४. पुढे दोन-तीन ट्रक ओळीनं असतील तर एकेकाला ओलांडून मध्ये घुसू नकोस. पुढे रस्ता मोकळा असेल तर सगळे एका दमात ओलांड, पण मागून कुणी वेगात येत असेल तर मधल्या मोठ्या फटीत शिरून त्याला जाऊ दे — उजवी लेन त्याच्याही घटकेची आहे.

इथे जरा थांबते, कारण तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे: "आत्या, पण ट्रकच उजव्या लेनमधून चालतात, त्याचं काय?" खरं आहे. पण ते का चालतात हेही समजून घे. डावी लेन वजनानं खचलेली असते. तिच्यातून उलट्या दिशेनं मोटारसायकली येतात, ढाब्यावरून गाड्या निघतात, एस.टी. थांबते, पंक्चर झालेला टेम्पो दगड लावून उभा असतो. वीस-पंचवीस टन माल घेऊन दर किलोमीटरला ब्रेक मारायचा आणि पुन्हा गिअर चढवत न्यायचं, यापेक्षा त्या माणसाला उजवीकडे सरळ चालणं सोपं पडतं. नियमानं ते चूकच. पण तो तुझ्याशी वैर धरून तिथे नाही, एवढं ध्यानात असलं की हात आपोआप हॉर्नवरून उतरतो.

१५. अशा ट्रकच्या मागे अंतर ठेवून थांब, दिवसासुद्धा एकदाच डिपर दे आणि वाट बघ — बरेच जण साइड देतात. सारखे डिपर मारलेस तर माणूस हट्टाला पेटतो, आणि हट्टाला पेटलेल्या पंचवीस टनांशी आपण बोलत नाही.

१६. त्याच्या डावीकडून घुसणं शक्यतो टाळ — आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डावीकडची मोटार त्याला फार थोडा वेळ दिसते. तू निम्म्यात असताना तो भला माणूस तुला साइड द्यायलाच डावीकडे सरकला, तर दोष कुणाला द्यायचा?

१७. पुढचा उजवा इंडिकेटर देऊन खरंच उजवीकडे वळायला थांबला असेल तरच डावीकडून जा, तेही सावकाश — नियमातही तेवढी सवलत आहे. पण दिवा नुसता लुकलुकतोय आणि ट्रक धावतोच आहे, तर थांब. काही ड्रायव्हर त्याच दिव्यानं "जा पुढे" सांगतात, काही "मी येतोय" सांगतात, आणि तुला त्यातलं कोणतं ते कळायला मार्ग नाही.

१८. खंबाटकीच्या चढावर एक ट्रक दुसऱ्याला ओलांडताना दिसला तर दोन मिनिटं गाणी ऐक — दोघंही भरलेले असतात, फरक उगाच थोडा असतो. तुझ्या हॉर्ननं त्याच्या इंजिनात जोर येत नाही.

१९. परतीला कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार लागेल. तिथे कुणालाही ओलांडायचं नाही, खालच्या गिअरमध्ये यायचं आणि आरशावर नजर ठेवायची — डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये आणलेल्या गाड्यांचे ब्रेक तिथे तापतात आणि हात टेकतात. किती घरांना तो उतार भोवलाय ते पुण्यात कुणालाही विचार. हा मुद्दा मी गमतीत सांगत नाहीये.

२०. बोगद्यात, पुलावर, वळणावर आणि जिथे लेनमधली तुटक रेघ सलग होते तिथे आहे त्या लेनमध्ये राहा — सलग रेघ ज्यानं मारली त्यानं तो रस्ता तुझ्यापेक्षा जास्त पाहिलाय.

२१. गाळप हंगामात, साधारण दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, सातारा ओलांडलं की अंधारात डावी लेनसुद्धा जपून चाल — ट्रॅक्टर, त्यामागे उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि पुष्कळदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पुढे काळं काही हललं की आधी वेग कमी कर, मग ओळख पटव.

२२. अशी ट्रॉली ओलांडताना बाजूला भरपूर जागा सोड — मागची ट्रॉली सापासारखी वळवळते, आणि मोळ्या बाहेर आलेल्या असतात.

२३. सकाळी उजवी लेन मोकळी दिसली तरी तिचा भरवसा धरू नकोस — दुभाजकातल्या कण्हेरीला पाणी घालणारा टँकर तिथेच उभा असतो, आणि पाइप धरलेला माणूस त्याच्या आडून निघतो. गावापाशी दुभाजकाच्या फटीतून डोक्यावर भारा घेतलेली बाईही अशीच येते. तिचं शेत रस्त्याच्या पलीकडे गेलं, त्याला ती काय करणार? वेग तू कमी कर.

२४. रात्री कुणाच्या मागे असताना दिवे खाली ठेव, त्याच्या बरोबरीला आलीस की मग वर कर — प्रखर उजेड त्याच्या आरशातून थेट डोळ्यात जातो, आणि दिपलेल्या माणसाच्या शेजारून तुलाच जायचं असतं.

२५. तुला कुणी ओलांडत असेल तर वेग वाढवू नकोस, उलट पाय किंचित सैल कर — कायदाही हेच सांगतो, आणि तो लवकर निघून गेला की तू सुटलीस.

२६. मागे कुणी चिकटून येत असेल तर ब्रेक मारून त्याला धडा शिकवायला जाऊ नकोस, पहिली फट मिळताच डावीकडे हो — साइड देणाऱ्याचं काही कमी होत नाही. आणि त्याच्या घरी काय झालंय ते तुला ठाऊक नाही. कदाचित तो दवाखान्यात निघाला असेल.

२७. पाऊस लागला किंवा बोगदा आला म्हणून चारही इंडिकेटर लावून चालू नकोस — मग तू वळताना सांगणार कशानं? ते दिवे गाडी बंद पडली किंवा पुढे एकाएकी सगळे थांबले, तर मागच्यांना सावध करण्यासाठी राखून ठेव.

२८. टोलनाका सुटला की अर्धा किलोमीटर शर्यत लागते. आनेवाडी, तासवडे, किणी, कुठेही बघ. त्या शर्यतीत उतरू नकोस, आपल्या बाजूनं सरळ निघून डाव्या लेनला लाग — दहा रांगांच्या दोन-तीन होताना घासाघाशी होते, आणि दोन मिनिटांत सगळे पुन्हा पांगतात.

२९. फाटा घ्यायचा असेल तर दोन किलोमीटर आधीच डावीकडे ये, नंतर कुणालाही ओलांडू नकोस — "एवढा एकच" म्हणून ट्रकच्या पुढे जायचं आणि मग त्याच्या नाकासमोरून फाट्यावर वळायचं, ही सवय लागू देऊ नकोस.

३०. आणि फाटा चुकलाच तर थांबू नकोस, मागे तर मुळीच घेऊ नकोस, सरळ पुढे जा — कोल्हापुरात शिरताना तावडे हॉटेलपाशी उतरायचं राहिलं तर पुढे उचगावला उतर आणि तिथून घरी ये. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील. तुझी आई तशीही तू दारात आल्याशिवाय भाकऱ्या टाकत नाही.