कातड्याची प्रत गावातच ठरते

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. येथे बैलाची पारख बहुतेकांना असते, परंतु त्याच्या कातड्याची पारख फार थोड्यांना असते. चामड्याची प्रत कारखान्यात ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा मोठा भाग गोठ्यात आणि जनावर मेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच ठरून गेलेला असतो.

अंगावरून काढलेले ते कच्चे कातडे. हिरडा, बाभळीची साल किंवा क्रोमचे क्षार यांनी कमावल्यावर त्याचे चामडे होते व ते सहजासहजी कुजत नाही. म्हशीचे कातडे जाड व भरड असल्याने तळव्यांना उपयोगी पडते. गाय-बैलांचे त्यापेक्षा पातळ व अधिक एकसारखे असते. शेळीचे पातळ असूनही घट्ट विणीचे व चिवट, तर मेंढीचे मऊ, परंतु सैल व कमी टिकाऊ असते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेत तळाला जाड आणि वेणीला शेळीचे पातळ चामडे वापरतात, ते याच गुणभेदामुळे. एकाच कातड्यातही पाठ व पुठ्ठ्याचा भाग सर्वांत घट्ट, पोटाकडचा सैल आणि मानेचा सुरकुतलेला असतो.

गोचिडांचे चावे, तुतारीच्या टोचण्या, डागण्या आणि जुवाचे घट्टे यांच्या खुणा कमावल्यावरही राहतात. २०२२ मध्ये विदर्भातही पसरलेल्या लम्पी रोगाच्या गाठीही कातड्यावर कायमचे व्रण ठेवतात. सोलताना सुरी खोल गेली तर चांगले कातडेही वाया जाते.

सोललेले कातडे उन्हाळ्यात काही तासांतच कुजू लागते आणि केस सुटू लागतात. म्हणून ते लगेच धुऊन, निथळून, मांसाच्या बाजूस वजनाच्या सुमारे ४० टक्के मीठ चोळून सावलीत ठेवावे. कडक उन्हात वाळवलेले कातडे वरून कोरडे दिसले तरी आतून कुजलेले असू शकते. खारपाणपट्ट्यातील विहिरींचे क्षारयुक्त पाणी साल-हिरड्याच्या कमावणीस अनुकूल नाही. तेव्हा या गावांनी सोलणे, मिठवणे व प्रतवारी यांवर भर देणे अधिक श्रेयस्कर.

राज्यात १९७६ च्या कायद्याने आलेली गोहत्याबंदी २०१५ च्या दुरुस्तीने वळू व बैलांनाही लागू झाली. त्यामुळे मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे महत्त्व वाढले आहे. मात्र जनावर अचानक मेले व नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर फाशी रोगाची शंका घेऊन ते मुळीच सोलू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे व त्यांच्या सल्ल्याने चुना टाकून खोल पुरावे. हा रोग माणसालाही होतो आणि त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

हे काम एकाच जातीच्या माथी मारण्याची रूढी अन्यायकारक होती. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी महात्मा गांधींच्या प्रेरणेने मृत जनावरांच्या कातड्याचे चर्मालय चालवून या कामाला शास्त्राची व प्रतिष्ठेची जोड दिली. राज्य शासनाने १९७४ मध्ये चर्मोद्योगासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. ग्रामपंचायतींनी वस्तीबाहेर पक्का ओटा, पाणी, मीठ, हातमोजे व योग्य मोबदला यांची तरतूद केल्यास कातड्याची प्रत सुधारेल आणि काम करणाऱ्याचे आरोग्य व मानही राखला जाईल.