नळाला थेट मोटर लावली तर बिघडतं कुठे?

प्रश्न : आमच्या नळाला दाब कमी आहे. महापालिका क्लोरिन घालतेच, मग थेट मोटर लावल्याने पाणी दूषित कसं होईल?

उत्तर : आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येतं. वाहिनीत भरपूर दाब असेल तर गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. मोटरने ते ओढलं की दाब घटतो, कधी उणे होतो, आणि त्याच सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरिन उरलं पाहिजे. मात्र सांडपाण्यातली घाण ते झपाट्याने संपवते, म्हणून शुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरिनवर विसंबणं धोक्याचं आहे. जुन्या वाहिन्या बदलणं महापालिकेचंच काम, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण वाहिन्या बदलेपर्यंत तुमची मोटर शेजाऱ्याचं पाणी तर पळवतेच, शिवाय अख्ख्या गल्लीला, लहान मुलांसकट, जुलाब आणि काविळीच्या तोंडी देते. पाणी आपोआप जमिनीखालच्या झाकणबंद टाकीत पडू द्या आणि मोटर त्या टाकीला जोडा. थेट जोडलेली मोटर आजच काढा.