गिऱ्हाईक दहा गोष्टी सांगतं, पैसा एकाच कामापुरता आहे. मग ऐकायचं कुणाचं?



चुडाव्याच्या बैठकीत खारोड्या विकणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, एक म्हणतो तिखट कमी करा. दुसरी म्हणते पाकीट लहान आहे. तिसरी म्हणते आठ दिवसांत सादळतात. बचत गटाचं कर्ज आहे, पैसा एकाच कामापुरता उरलाय. ऐकू कुणाचं?"

व्हिडिओत उत्तर घाईत दिलं होतं. आज नीट समजून घेऊ, आणि तेही एका व्हिडिओ गेमवरून. हसू नका, धंदा तो धंदाच!

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची छोटी कंपनी आहे. त्यांनी 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. सर्कशीत काम करणारी राजी दुर्गेचं त्रिशूळ घेऊन, भिंती चढत, उड्या मारत, राक्षसांशी लढत आपल्या भावाला शोधते. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडलं नाही. 2020 मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

आता खेळणारे काय म्हणाले ते बघा. महाल, रंग, संगीत आणि आपल्या पुराणांतली गोष्ट यांचं भरपूर कौतुक झालं. तक्रारीही आल्या. लढाई अडखळते. कॅमेरा आपल्या हातात नाही. गेम काही तासांत संपतो, आणि गोष्ट अर्ध्यावर सोडल्यासारखी वाटते.

तुमच्या मालाबद्दल असं ऐकलं तर वाईट वाटेल ना? पण थांबा. या सगळ्या तक्रारी एका जातीच्या नाहीत. तीन डबे करा.

पहिला डबा: दोष. लढाई अडखळते, हा दोष. ज्याला गेम आवडला, त्यालाही तो खटकतो. असा दोष आधी दुरुस्त करायचा.

दुसरा डबा: भूक. "लवकर संपला" ही वरून तक्रार दिसते, पण आत मागणी आहे. नावडती भाजी कमी वाढली म्हणून कुणी कुरकुरत नाही! हा डबा जपून ठेवा, पुढचा माल त्यातूनच निघतो.

तिसरा डबा: आवड. कॅमेरा एका जागी असला की कुणाला चित्रासारखं वाटतं, कुणाला अडचण होते. इथं घाई करू नका. एकाला खूश करताना चार जुनी गिऱ्हाइकं तुटतील.

2022 मध्ये या कंपनीने 'राजी'ची सुधारित आवृत्ती आणली. लढाईवर काम केलं, हिंदी आवाजही दिला. पण ज्या गोष्टीचं कौतुक झालं होतं, ती टाकून दिली नाही. सगळ्यांचं ऐकलं असतं, तर गेमची ओळखच गेली असती.

आता ताईंच्या खारोड्या घ्या. सादळणं हा दोष. पाकीट लहान ही भूक. तिखट ही आवड. म्हणजे उरलेला पैसा कुठं घालायचा? जाड, हवाबंद पाकिटात. मोठं पाकीट त्यानंतर. कारण सादळणारा माल मोठ्या पाकिटात भरला, तर तक्रारही मोठीच होणार! आणि नांदेडच्या दुकानदाराने एकदा माल परत केला की तो पुन्हा दारात उभं करत नाही. तिखटाला आत्ता हातच लावायचा नाही.

एक सावधगिरी. मत कुणाचं आहे ते बघा. पैसे देऊन घेतलेल्या गिऱ्हाइकाचं एक मत फुकट चाखणाऱ्या दहा पाहुण्यांपेक्षा भारी. आणि एकमेकांना न ओळखणारे तिघं तीच तक्रार करत असतील, तर तो योगायोग नाही.

आजचा गृहपाठ: वहीत तीन रकाने आखा. गेल्या महिन्यात माल घेतलेल्या दहा जणांना फोन करा. "आवडलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "पुढच्या वेळी घेताना काय अडलं?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा आणि मधेच आपली बाजू मांडू नका. मग पहिल्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला दोष निवडा. या महिन्याचा पैसा फक्त त्यावर.

तुमच्या वहीत काय निघालं ते व्हिडिओखाली नक्की लिहा. भेटूया पुढच्या धड्यात!