भोपळा : नाव जुने, फळ नवे

(द्वितीय वर्ष कला)

भाद्रपद उलटून आश्विन लागला की आमच्या काल्हेर गावात उन्हाचा कडाका वाढतो आणि घराघरांत तांबडा भोपळा दिसू लागतो. मृगाच्या पावसावर लावलेल्या वेलाचे फळ साडेतीन-चार महिन्यांत तयार होते. साल नखाने ओरखडत नाही इतकी टणक झाली आणि देठ वाळला, की भोपळा उतरवतात. असा पक्व भोपळा न चिरता ठेवला तर कित्येक महिने टिकतो. ऋषिपंचमीची भाजी, पितृपक्षातील पान आणि दसऱ्याच्या आसपासचे घारगे या सर्व ठिकाणी त्याची हजेरी असते.

प्रस्तुत लेखात या फळाचा खाण्याच्या आणि भाषेच्या अंगाने थोडा विचार करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ‘भोपळा’ म्हटले की आपल्या वर्गात हशा पिकतो, कारण उत्तरपत्रिकेवरचा त्याचा अर्थ सर्वांना पुरता ठाऊक आहे. पण हा अर्थ भोपळ्याला चिकटला कसा, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

आधी नावांचा गोंधळ पाहू. भिवंडीच्या बाजारात एकाच ढिगापुढे उभे राहिले तर पाच माणसे पाच नावे घेतात. आम्ही आगरी लोक ‘ळ’चा ‘ल’ करतो, म्हणून आमचा तो ‘भोपला’. नाशिक-नगरकडचा माणूस ‘डांगर’ म्हणतो, खानदेशी माणूस ‘गंगाफळ’. यंत्रमागावर काम करणारे पूर्व उत्तर प्रदेशचे भय्ये त्याला ‘कोंहडा’ म्हणतात, तर दिल्लीकडून आलेला एखादा चक्क ‘सीताफल’ मागतो आणि भाजीवाली त्याला फळवाल्याकडे पाठवते. विदर्भात याच तांबड्या भोपळ्याला ‘कोहळं’ म्हणतात. तिकडची कोहळ्याची बोंडे प्रसिद्ध आहेत. आमच्याकडे मात्र कोहळा म्हणजे वरून पांढरी भुकटी असलेला, ज्याचा आग्र्याचा पेठा होतो तो.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही तीन निरनिराळी झाडे आहेत. दुध्या भोपळा म्हणजे लॅजिनारिया, कोहळा म्हणजे बेनिंकासा आणि तांबडा भोपळा म्हणजे कुकुर्बिटा. पहिली दोन आपल्या देशात प्राचीन काळापासून आहेत. कोहळ्याला संस्कृतात कूष्मांड म्हणतात आणि नवरात्रातील चौथी देवी कूष्मांडा आहे. तिसरे, म्हणजे आपण ज्याचे घारगे खातो ते, मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील ओआहाका भागात गिला नाकित्झ नावाची एक गुहा आहे. तेथे याच कुळातील लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. १४९२ साली कोलंबस त्या किनाऱ्याला लागेपर्यंत आपल्याकडच्या कोणी हे फळ पाहिलेले असणे शक्य नव्हते. पुढे युरोपीय जहाजांबरोबर मिरची, बटाटा, पेरू, अननस आले, तसाच हाही आला.

म्हणजे फळ नवे आणि नाव जुने. आपल्या लोकांनी पाहुण्याला नवे नाव न देता घरातलेच एक नाव दिले आणि ओळख पटावी म्हणून पुढे ‘तांबडा’ किंवा ‘लाल’ जोडले. आता भाषेतील भोपळा पाहा. परीक्षेत भोपळा मिळतो, भ्रमाचा भोपळा फुटतो. दोन्हींत पोकळपणा आहे. तांबडा भोपळा तर गराने भरलेला असतो. पोकळ असतो तो वाळवलेला जुना कडू भोपळा. त्याचे साधूंनी कमंडलू केले, पोहायला शिकणाऱ्या पोरांनी तो कमरेला बांधला, नदी उतरण्यासाठी त्याची सांगड केली. मिरजेचे कारागीर आजही अशाच भोपळ्याचे तंबोरे आणि सतारी घडवतात. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. लेकीकडे जाणारी गोष्टीतली म्हातारी ज्यात बसून टुणटुण पळाली, तो भोपळाही माझ्या मते हाच असावा. चित्रांच्या पुस्तकांत मात्र तिला तांबड्या भोपळ्यात बसवतात. तेव्हा शून्याचा कलंक तांबड्या भोपळ्याच्या माथी उगाच आला, असे म्हणावे लागते.

या पाहुण्याने घरात किती आत पाऊल टाकले आहे, हे ऋषिपंचमीला कळते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, नांगरलेल्या शेतातले नको, हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढेच घ्यायचे, असा नेम आहे. शेतीच्या आधीच्या काळाची आठवण म्हणावी असे हे व्रत. आणि त्याच्या भाजीत अळू, सुरण, काकडी यांच्या जोडीला तांबडा भोपळा आणि मक्याचे कणीस! दोन्ही अमेरिकेचे. उपवासाला गहू चालत नाही, पण भोपळा, बटाटा आणि शेंगदाणा चालतो. यात कोणाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. परसात हाताने लावता येते, बैल लागत नाही, एवढी व्रताची अट होती आणि नवे फळ त्या अटीत बसले. आमच्या बायकांनी नियम मोडला नाही, जन्मदाखला मात्र मागितला नाही.

आता घारग्यांविषयी, कारण त्यांच्याशिवाय हा लेख अपुरा राहील. भोपळा किसून गुळाबरोबर मंद आचेवर शिजवायचा. गूळ पडताच भोपळ्याला इतके पाणी सुटते की वरून थेंबही घालावा लागत नाही. त्या रसात मावेल तेवढेच पीठ घालायचे. देशावर कणीक घालतात, आमच्याकडे तांदळाचे पीठ. चिमूटभर मीठ, थोडे जायफळ, वरून खसखस. केळीच्या पानावर थापून तळायचे. पाणी वरून घातले की घारगा तेल पितो आणि दुसऱ्या दिवशी वातड होतो. नीट केलेला तीन-चार दिवस टिकतो, म्हणून पूर्वी शेतावर न्यायला तो सोयीचा होता. तिखटात भोपळ्याचे दह्यातले भरीत करतात, आणि आमच्या घरी भोपळ्यात सुकट पडते. ती भाजी तांदळाच्या भाकरीबरोबर ज्याने खाल्ली नाही, त्याला भोपळा गुळचट वाटणारच.

तिकडे मूळ देशीही शरद ऋतू म्हणजे भोपळ्याचाच ऋतू. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत कृतज्ञतेचा सण असतो, त्या दिवशी भोपळ्याचा गोड पाय करतात. २००३ साली स्टारबक्स या कंपनीने ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ नावाची कॉफी काढली आणि ती दर शरदात तुफान चालते. गंमत अशी की, २०१५ पर्यंत त्या कॉफीत भोपळा नव्हताच. होता तो भोपळ्याच्या पायमध्ये घालतात तो मसाला : दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग. म्हणजे त्यांचे फळ आपल्या चुलीवर आले आणि पूर्वेकडचा मसाला त्यांच्या पेल्यात गेला. आमच्या घारग्यात जायफळ पडते, तेव्हा तोच मेळ येथेही जमतो.

वेलाविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुले आधी काही दिवस फुलतात. माझी आजी त्यांना ‘वांझ फुले’ म्हणते आणि बेसनात बुडवून त्यांची भजी करते. मादी फुलाच्या देठाशी सुपारीएवढा भोपळा आधीच असतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते, तेवढ्या वेळात मधमाशीने पराग आणला तर फळ धरते, नाहीतर ते पिवळे पडून गळते. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवू नये, तो कुजतो, असे आम्हां मुलांना सांगत. बोटाचा दोष नव्हता, माशी आली नव्हती. आता काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात भातखाचरांवर गोडाऊने उभी आहेत. आमचेही खाचर एका गोडाऊनखाली आहे. पत्र्याच्या कुंपणावर वेल चढतो, फुलतोही, पण फळे पूर्वीपेक्षा फार कमी धरतात.

शेवटी ज्या गोष्टीमुळे मी हा विषय घेतला ती सांगते. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही. पहिला वार पुरुषाने करायचा, मग बाईने हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. शेजारच्या काकी विधवा आहेत, त्यांना दोन्ही मुलीच. भोपळा चिरायचा असला की त्या आळीतल्या पाच वर्षांच्या पोराला बोलावतात, त्याचा हात सुरीला लावतात आणि मग स्वतः जोर करतात. जोर त्यांचा, मान पोराचा. या प्रथेचे मूळ कोहळ्यात आहे असे मला दिसते. पशुबळीच्या ऐवजी कोहळा कापण्याची चाल जुनी आहे. ज्याचा बळी द्यायचा तो जणू जीवच, आणि बळी देणे हे पुरुषाचे काम. तांबडा भोपळा बळीचा नव्हेच, पण आप्तांचे नाव घेतले तसे त्याने त्यांचे नियमही अंगावर घेतले. असे इतरत्रही घडले आहे. आयर्लंडचे लोक ऑक्टोबरअखेर सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी तीच चाल भोपळ्यावर नेली.

हे सर्व मी आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “नाव तं येकच हाय ना?” या प्रश्नाला वनस्पतिशास्त्रात उत्तर नाही, कारण चालीरीती झाडाच्या कुळावर चालत नाहीत, नावावरच चालतात. मी भाषेची विद्यार्थिनी असल्याने मला तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण काकींच्या घरातला तो प्रकार मला पटत नाही, आणि नाव माणसांनी दिले असेल तर नेमही माणसांनीच लावला, असे मी तिला म्हटले.

यंदा सर्वपित्रीला वडिलांची गोडाऊनवर पाळी होती आणि भाऊ गावी नव्हता. भोपळा सकाळपासून विळीशेजारी पडून होता. दहा वाजता मी विळी ओढली आणि तो फोडला. आई तेवढा वेळ परड्यात जाऊन उभी राहिली. परत आल्यावर काही बोलली नाही, गर काढून बिया वेगळ्या केल्या, राखेत घोळल्या आणि सुपात वाळत घातल्या. दुपारी काकींकडून निरोप आला, त्यांचा भोपळा अजून अख्खाच आहे, मोकळी असलीस तर ये.